आडोसा

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला "कसा काय होता?" असे विचारले, की तो चित्रपटाविषयी सांगतो आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः तो स्वतःविषयी सांगत असतो. ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे, त्याला प्रत्येक नायक बेफिकीर वाटतो. ज्याचे सख्ख्या भावाशी जमिनीवरून वितुष्ट आले आहे, त्याला खलनायकाचेही थोडेफार पटते. आणि ज्या बाईला सबंध दिवसात तेवढेच अडीच तास टेकायला मिळालेले असतात, ती म्हणते, "छान होता हो!" मग पडद्यावर काहीही घडलेले असो. म्हणून मला चित्रपटापेक्षा चित्रपटावरचे अभिप्राय ऐकण्याची हौस अधिक.

मी काही या विषयातली जाणकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. आताच्या भाषेत दहावी. सकाळी मी बालवाडीतल्या मुलांना बडबडगीते शिकवते आणि दुपारी घर सामसूम झाले की कादंबऱ्या लिहिते. हे दोन्ही धंदे वरवर पाहता निराळे दिसतात, पण दोहोंचे भांडवल एकच. माणसे काय बोलतात ते कान देऊन ऐकायचे, आणि काय बोलायचे टाळतात तेही. गेल्या वर्षी कोजागिरीच्या रात्री आमच्या चाळीत एक जुना चित्रपट दाखवला गेला, आणि पुढचे आठ-दहा दिवस ओट्यांवर नि नळावर जे अभिप्राय निघाले, त्यांनी माझी अर्धी वही भरली. त्यातले काही वाचकांपुढे ठेवते.

चित्रपट होता 'मुंबईचा जावई'. १९७० सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक राजा ठाकूर. 'रंगल्या रात्री अशा' आणि 'एकटी' ज्यांनी काढले तेच. 'एकटी' १९६८ सालचा. तो पाहताना ज्या आयांनी पदर भिजवले, त्यांनाच या गृहस्थांनी दोन वर्षांनी पोट धरून हसायला लावले. नायक अरुण सरनाईक, नायिका सुरेखा, आणि घरात शरद तळवलकर, म्हणजे हसण्याची हमीच. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे. नाट्यगीते गाजवणाऱ्या रामदास कामतांनी 'प्रथम तुज पाहता' गायिले आणि आशाबाईंनी 'का रे दुरावा'. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही, त्यांच्याही घरी ही गाणी रेडिओवरून कधीच येऊन बसली आहेत.

कथा दोन-चार ओळींत सांगण्याजोगी. ऐसपैस घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबईला येते आणि पाहते तो घर एवढेसे, माणसे भरपूर. नव्या नवराबायकोला दोन शब्द बोलायला आडोसा म्हणून मिळत नाही. घरातल्या सगळ्यांना हे कळत असते आणि कुणालाच ते बोलून दाखवता येत नाही. यातून जी तारांबळ उडते तोच चित्रपट. अखेरीस मुलगी त्याच घरात रमते. ही गोष्ट हिंदीवाल्यांनाही एवढी आवडली, की १९७२ साली बासू चटर्जींनी जया भादुरी आणि अनिल धवन यांना घेऊन तिच्यावरून 'पिया का घर' काढला.

त्या काळी कोकणात काय नि देशावर काय, 'जावई मुंबईला असतो' हे सांगताना मुलीच्या बापाची मान किंचित ताठ होई. मुंबई म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, नळाचे पाणी आणि विजेचा दिवा. जागा किती, हे विचारायची रीत नव्हती. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या, त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आई-बाप, मुले, सून आणि गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या, अशी माणसे राहून गेली. चाळीवर हसायला मराठी माणसाला पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' लिहून १९५८ सालीच शिकवले होते. पण तोवरचा विनोद बहुतेक दिवसाढवळ्याचा होता. राजा ठाकुरांनी मुंबईच्या लहान घरातल्या रात्रीला हात घातला, आणि तोही असा, की सासूने नि सुनेने शेजारी बसून पाहावे.

आता आमच्या चाळीविषयी. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या साकीनाक्याला तुम्ही कधी उतरला असाल, तर डोक्यावरून जाणारी मेट्रो पाहिली असेल. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी ही गाडी २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि साकीनाक्याला स्वतःचे स्टेशन मिळाले. तिच्याखाली रिक्षा, ट्रक, हातगाड्या आणि त्यांतून वाट काढणारी माणसे. खैरानी रोडच्या अंगाला वळलात की गाळेच गाळे: कुठे लेथ चालू, कुठे पत्रा कापताहेत, कुठे भंगार निवडताहेत. अशाच एका गल्लीच्या आत आमची बैठी चाळ आहे. सोळा खोल्या, दहा बाय बाराच्या. प्रत्येक खोलीत पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर चढायला लोखंडी शिडी. रत्नागिरीची, साताऱ्याची, जौनपूरची, मंगळूरची अशी सगळीकडची बिऱ्हाडे. विमानतळ जवळ असल्यामुळे दर दोन-चार मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते आणि बोलणारा आपोआप थांबतो. आमच्याकडची माणसे मधेच गप्प होऊन, मग त्याच शब्दापासून पुढे बोलू लागतात. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते.

कोजागिरीला मंडळाच्या मुलांनी गल्लीच्या तोंडाशी पांढरी चादर बांधली आणि एका शिकवणी वर्गातून प्रोजेक्टर मागून आणला. मुलांना भुताचा चित्रपट हवा होता. बायकांनी तो हाणून पाडला. कोणता लावायचा यावर बरीच घासाघीस झाल्यावर तेरा नंबरच्या आजी म्हणाल्या, "'मुंबईचा जावई' लावा. मी दूरदर्शनवर पाहिला होता." मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, आणि पुढे कित्येक वर्षे शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट म्हणजे ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सारी आळी, असा प्रकार असे. आजींनी तो असाच कुणाच्या तरी उंबरठ्यावर बसून पाहिला असणार. त्या फारशा बोलत नाहीत, म्हणून त्यांचे कुणी मोडले नाही.

मसाला दुधाचे पातेले उतरले, दिवे मालवले आणि चादरीवर काळी-पांढरी माणसे हलू लागली. विमानांनी मधले कित्येक संवाद खाल्ले. पण त्यावाचून कुणाचे अडले नाही. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला होता ते गाळलेल्या जागा भरू लागले, आणि ज्यांनी पाहिला नव्हता तेही भरू लागले! एकदा तर नवरा आता बायकोशी मनातले काही बोलणार, तोच विमान आले. मागून कुणीतरी ओरडले, "अरे, याला पण आत्ताच यायचं होतं काय!" सारी गल्ली हसली. राजा ठाकुरांनी विमान घातले नव्हते, पण ते तिथे अगदी चपखल बसले.

दुसऱ्या दिवसापासून अभिप्राय सुरू झाले. पहिला मान आबांचा. आबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली नि ते लालबागेतून इकडे आले. ते म्हणाले, "सिनेमा बरा आहे, पण अडचण काही दिसली नाही. आम्ही एका खोलीत अठरा जण होतो. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. वळकटी कधी गार झाली नाही! त्या पोराला स्वतःचं घर, आई-बाप, बायको... आणि वर तक्रार?" आबांची बायको पहिली दहा वर्षे गावीच होती. ते वर्षातून दोनदा जात, गणपतीला आणि शिमग्याला. हे त्यांनी सांगितले नाही; चाळीला ठाऊक आहे. आबांना त्या घरात अडचण दिसली नाही याचे कारण, माझ्या मते, एवढेच, की त्या घरात बायको होती.

नऊ नंबरच्या भाभी जौनपूरकडच्या. त्यांनी 'पिया का घर' पाहिलेला, त्यामुळे चित्रपटभर त्या पुढचे आधी सांगत होत्या. "अब देखो, आखीर में सगळं घर सामान बांधतं. बहूला जागा पाहिजे ना, म्हणून सगळेच निघतात! मग तीच म्हणते, कोई नहीं जाएगा." त्यांनी डोळे पुसले. भाभींचे पती टॅक्सी चालवतात, दोन मुले गावी आजीपाशी शिकतात. "इथे खोलीत आम्ही दोघंच," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जागा आहे. काय करायची?"

तीन नंबरचा मुलगा घरोघर सामान पोचवण्याचे काम करतो. त्याचे मत असे, की हा चित्रपट आज निघूच शकत नाही. "आता कोण कुणाकडे बघतं? आमच्या खोलीत रात्री पाच माणसं आणि पाच मोबाइल. प्रत्येकाच्या कानात बोंडं. मी शेजारी मेलो तरी सकाळपर्यंत कळायचं नाही." हे त्याने हसत सांगितले. मला वाटते, एवढे बारीक परीक्षण एखाद्या वर्तमानपत्रातही आले नसते. त्या चित्रपटातल्या माणसांना एकांत हवा होता नि मिळत नव्हता. आमच्याकडे तो पाच-पाच हजारांना मिळतो, फक्त दोघांना मिळून घेता येत नाही.

माझ्या बालवाडीतली काही मुले त्या रात्री आयांच्या मांडीवर होती. मुलांना मी दर महिन्याला 'घर' काढायला सांगते. दरवेळी सगळी मुले तेच काढतात: उतरते छप्पर, दोन खिडक्या, मागे डोंगर, बाजूला नदी आणि नारळाचे झाड. साकीनाक्याची मुले ही! नदी त्यांनी चित्रातच पाहिलेली. पण कोजागिरीनंतर एका पोराने एक चौकोन काढला आणि त्यात नऊ डोकी भरली. मी विचारले, "अरे, याला दार कुठे आहे?" तो म्हणाला, "सगळे आत आलेत. दार कशाला?" त्याचेही म्हणणे मी चित्रपटावरचा अभिप्राय म्हणून वहीत टिपले आहे.

कॉलेजात जाणारी सात नंबरची मुलगी मात्र रागावली होती. "तुम्ही सगळ्या हसताय, पण त्या मुलीला आधी कुणी विचारलं का, एवढ्याशा घरात येशील का म्हणून? आणि शेवटी तीच म्हणते राहीन. राहणार नाही तर जाईल कुठे?" बायकांनी तिला "जुना सिनेमा आहे गं" असे म्हणून गप्प केले. सिनेमा जुना आहे हे खरे. प्रश्न जुना आहे की नाही, हे पाहायला आम्हा बायकांना गल्लीबाहेर जावे लागले नसते.

आता ज्या अभिप्रायासाठी हा सगळा प्रपंच मांडला, तो तेरा नंबरच्या आजींचा.

आजींच्या दहा बाय बारात त्या, थोरला मुलगा, सून, दोन वर्षांचा नातू आणि धाकटा मुलगा अशी माणसे आहेत. धाकटा रात्रपाळीला असतो. थोरला लेथवर काम करतो, सात वाजता घरी येतो. आणि बरोबर साडेसात वाजता आजी नातवाला कडेवर घेऊन देवळात जातात. दहा वाजता परत. पाऊस असो, वारा असो, त्यात खंड नाही. देवळात त्या भजन म्हणत नाहीत, टाळ वाजवत नाहीत. खांबाला टेकून बसतात. नातू मांडीवर झोपून जातो. चाळीने त्यांना कधीच भाविक ठरवून टाकले होते. "तेरा नंबरच्या आजी म्हणजे देवमाणूस," असे आम्ही नव्या बिऱ्हाडकरूंना सांगत असू. शिवाय रात्री दहानंतर आजींना ऐकू येत नाही, असेही चाळीत सर्वमान्य होते. दिवसा त्यांना चार खोल्या पलीकडे पडलेला चमचा ऐकू येतो.

त्या रात्री चित्रपट संपला, मुले चादर सोडू लागली, आणि कुणीतरी सहज विचारले, "काय आजी, आवडला का?"

आजी उठता उठता म्हणाल्या, "आवडला. पण त्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी देऊळ दाखवलं नव्हतं वाटतं!"

सगळे खो खो हसले. आणि ते हसणे जसे उठले तसेच मधेच थांबले. दोन-तीन बायकांच्या ध्यानात आले. मग त्यांच्याकडे पाहून बाकीच्यांच्या आले. थोरला मुलगा चादरीची घडी घालण्यात फारच गुंतला. सून दुधाचे पेले गोळा करून मोरीकडे निघून गेली. आजींना आपण काय बोललो ते कळले की नाही, त्यांच्या तोंडावरून काही समजेना. वरून एक विमान गेले आणि त्याने आम्हा सर्वांची सुटका केली.

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. लहान घरातला आडोसा हा भिंतीचा नसतो, तो माणसांनी एकमेकांना दिलेला असतो, नि न बोलण्यावर उभा असतो. शिडी वाजली तर ती ऐकायची नाही. पोटमाळ्याचा पडदा ओढलेला दिसला तर तो दिसला नाही असे समजायचे. सासू देवळात जाते ती देवासाठीच जाते. हे सारे सगळ्यांना ठाऊक असते, आणि 'ठाऊक नाही' असे सगळे मिळून ठरवलेले असते. एकदा कुणी ते उघड बोलले की भिंत पडलीच! चित्रपटातल्या घरात नेमकी हीच पंचाईत आहे, आणि म्हणूनच तो एवढा हसवतो. पण चादरीवरच्या माणसांना 'समाप्त' झाल्यावर दुसरा दिवस काढायचा नसतो. आजींना नि त्यांच्या सुनेला काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वीसपासून आमच्या चाळीत कुणाचेही लक्ष हातातल्या कामाकडे नव्हते. साडेसात वाजले. आजी दारात आल्या. नातू कडेवर. एक चप्पल पायात घातली आणि थांबल्या. आता जावे, तर ते जाणे जाहीर. न जावे, तर ते न जाणेही जाहीर. ओट्यांवर माणसे बसलेली होती. कुणी तांदूळ निवडत होते, कुणी नुसतेच. सून आत पाठमोरी, शेगडीपाशी. मला वाटते तो अर्धा मिनिट असेल. पण कादंबरीत मला त्यावर एक प्रकरण लिहावे लागले असते.

तेवढ्यात नऊ नंबरच्या भाभी उठल्या. मराठी भजनाला त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घेत म्हणाल्या, "आजी, रुको, मैं भी आती हूँ." आणि त्यांच्या मागोमाग आबांनी काठी उचलली. "मला औषधाच्या दुकानात जायचंय. देवळापर्यंत सोबत होईल." आजींनी दुसरी चप्पल घातली.

पुढच्या चार दिवसांत चाळीतली आणखी तिघे म्हातारी माणसे संध्याकाळी देवळात जाऊ लागली. जाताना कुणी काही बोलले नाही. देवाचे नाव तेवढे घेतले. देवळाच्या पुजाऱ्याने महिनाभराने मला रस्त्यात गाठून सांगितले, की मंडळाने नवा लाउडस्पीकर बसवल्यापासून लोकांत भक्ती फार वाढली आहे. मी "हो, स्पष्ट ऐकू येतं आता," एवढेच म्हटले.

सुनेचा अभिप्राय मला सर्वांत शेवटी मिळाला, पहाटे नळावर. आमच्याकडे पाणी पहाटे येते, आणि खरी बोलणी हंडे भरताना होतात. कारण पाण्याचा आवाज असतो. ती म्हणाली, "देवळात त्यांना करमत नाही हो. मला पहिल्या महिन्यातच कळलं. भजन चालू असताना त्या पेंगतात, पुजाऱ्याच्या बायकोनंच सांगितलं. गुडघे दुखतात, फरशी गार असते. पण मी कशी म्हणू, जाऊ नका म्हणून? आणि जा तरी कसं म्हणू?" मग हंडा सरकवत म्हणाली, "मी त्यांना जुन्या लुगड्यांचं जाड आसन शिवून दिलं. म्हटलं, देवापुढे बसायला घ्या." "त्या काय म्हणाल्या?" "म्हणाल्या, शिवण बारीक आहे."

तीन वर्षांच्या सासू-सुनेच्या संसारात या विषयावर झालेले बोलणे ते एवढेच.

हे मी सात नंबरच्या मुलीला सांगितले. तिचा राग जाईल असे वाटले होते. तो वाढला. ती म्हणाली, "गोड आहे. पण म्हातारीनं गुडघे दुखत असताना गार फरशीवर अडीच तास बसायचं, आणि आपण तिला देवमाणूस म्हणायचं! तुम्हाला एक भिंत परवडत नाही म्हणून तुम्ही माणसांची भिंत केलीत." तिच्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अडचणीत माणसे एकमेकांना सांभाळून घेतात, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. राजा ठाकुरांनी ते केले म्हणून त्यांचा चित्रपट पन्नासहून अधिक वर्षे टिकला. पण सांभाळून घेणाऱ्याची झीज होते, आणि ती बहुधा घरातल्या त्याच माणसाची होते, जे तक्रार करीत नाही. भिंतीचे काम माणुसकीवर किती पिढ्या टाकायचे, हा हिशेब चित्रपटाने मांडला नाही. तो मांडायला विनोदी चित्रपट निघालेला नव्हताच. तो ज्यांनी मांडायचा त्यांनी हळूहळू मांडला आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ साली आली तेव्हा कुटुंबामागे २२५ चौरस फूट जागा धरलेली होती. पुढे २६९ झाली, आता ३००. म्हणजे पाव शतकात पाऊणशे चौरस फुटांची वाढ. आमच्या पोटमाळ्याएवढी.

आमच्या चाळीचाही या योजनेत नंबर लागेल असे म्हणतात. गेल्या माघात एक तरुण गृहस्थ नकाशा घेऊन आले. ओट्यावर तो पसरला आणि सारी चाळ त्याभोवती वाकली. आबांनी विचारले, लिफ्ट बंद पडली तर काय? भाभींनी विचारले, तुळस कुठे ठेवायची? लेथवाल्या थोरल्याने दर महिन्याचा देखभालीचा खर्च विचारला, आणि तो ऐकून गप्प झाला. आजी सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी नकाशावर बोट ठेवले.

"ही कसली खोली?"

"बेडरूम, आजी. मुलाची नि सुनेची."

"आणि मी?"

"तुम्ही इथे, हॉलमध्ये. खिडकी आहे."

"या खोलीला दार आहे?"

"आहे ना."

"कडी आतून?"

ते गृहस्थ हसले. म्हणाले, "आजी, आतूनच असते."

आजींनी मान हलवली. "बरं झालं. मग देवळात जाईन ती देवासाठीच जाईन." आणि नातवाला घेऊन त्या आत गेल्या.

इमारतीचा पाया अजून खणलेला नाही. शिड्या वाजतात, विमाने जातात, साडेसातला देवळाची मंडळी निघतात. आजींचे आसन आता काखेत असते. ते कशासाठी, असे कुणी विचारीत नाही.

मी हे लिहिते आहे तेव्हा गणपती नुकतेच गेले आहेत आणि मंडळाची मुले यंदाच्या कोजागिरीची यादी करीत आहेत. त्यांचे म्हणणे, या वेळी रंगीत लावू. आबांना राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' पाहिजे. तोही कृष्णधवल, १९५२ सालचा. भाभी म्हणतात, कोणताही लावा, पण रडवणारा नको. सात नंबरच्या मुलीने सांगितले आहे, की चित्रपट संपल्यावर चर्चा ठेवा, नुसते दूध पिऊन उठू नका. आजींकडे मुले मुद्दाम गेली होती. आजी म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल तो लावा. फक्त लांब असू द्या. आणि ज्यांना यायचं नसेल त्यांना घरी राहू द्या. दारं वाजवून बोलवत बसू नका."

मुलांनी ही सूचना वहीत लिहून घेतली आहे.